बोलका कागद, मुकी भिंत

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यात, एका कोलाम पोडावरच्या प्राथमिक शाळेत आम्हाला एक ध्वनिवर्धक दाखवण्यात आला. खरे तर ध्वनिवर्धकाचे जे काही उरले होते ते. त्याची पेटी लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळ्यांची होती. पहिल्या पावसाळ्यात तिच्या कडा फुगल्या, दुसऱ्या पावसाळ्यात बुडाकडून वाळवी लागली आणि तिसरा येण्याआधीच पेटीची पाठ सुटी होऊन पडली. आतला आठ इंची स्पीकर मात्र धडधाकट होता. शाळेला तो हवा होता गोष्टींसाठी, कवितांसाठी आणि मुख्यतः श्रुतलेखनासाठी. एकाच खोलीत दोन वर्ग बसतात. गुरुजी एका गटाला गणित शिकवत असताना दुसऱ्या गटाने ध्वनिमुद्रित शब्द ऐकून लिहायचे, अशी त्यांची युक्ती होती.

"शाळेची भिंत टिकली, पेटी टिकली नाही," गुरुजी म्हणाले. "मग पेटीच भिंतीसारखी बांधता येत नाही का?"

आम्ही हसलो. स्पीकरची पेटी म्हणजे लाकडाची, हे आमच्या मनात पक्के होते, आणि यवतमाळ तर सागाचा जिल्हा. पण परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एकाने विचारले, की पेटी लाकडाचीच का असते? गाडीत बसलेल्या कोणालाच धड उत्तर देता येईना. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या मंडळींची ही अवस्था! मग जुनी पुस्तके काढली, आणि असे दिसले की स्पीकर विटांत, मातीत, काँक्रीटमध्ये बसवणारी माणसे जगात बरीच होऊन गेली आहेत. त्यांची हकिगत वर्गात सांगण्याजोगी आहे.

सुरुवात बिनपेटीच्या स्पीकरपासून करू. एखादा जुना स्पीकर पेटीतून बाहेर काढा, रेडिओला जोडा आणि ऐका. आवाज चिरका आणि पातळ येतो. आता एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढे गोल भोक पाडा आणि पुठ्ठा स्पीकरला टेकवून धरा. आवाज एकदम भरतो. वीज तेवढीच, स्पीकर तोच. फक्त पुठ्ठा आला. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. कारण सोपे आहे. कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. मागची विरळ हवा कडेवरून वळसा घालून पुढच्या दाबाला गाठते आणि दोघांची वजाबाकी होते. आवाज जितका खालच्या पट्टीचा तितकी ही वजाबाकी पुरी होते. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते. वीस सेंटीमीटरच्या शंकूला वळसा घालणे तिला अगदीच किरकोळ. पुठ्ठा ही वाट लांबवतो.

असा कागदी शंकूचा, तारेच्या वेटोळ्याने हलणारा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली जगापुढे मांडला. त्याआधी आवाज मोठा करायचा म्हणजे कर्णा लावायचा, ग्रामोफोनला असे तसा. नव्या स्पीकरला कर्ण्याची गरज उरली नाही. त्याला हवा होता मोठा पुठ्ठा, आणि सर्वांत मोठा पुठ्ठा म्हणजे घराची भिंत. भिंतीला भोक पाडून त्यात स्पीकर बसवला आणि मागची खोली बंद ठेवली, की मागचा आवाज पुढे येण्याची सोयच राहत नाही. हौशी लोकांनी तेही केले. भिंतीला कान असतात हे आपल्याला ठाऊक होते. तिला तोंड फुटले ते असे.

पण भाड्याच्या घरात भिंत कोण फोडू देणार? शिवाय रेडिओ ही दिवाणखान्यात मांडायची वस्तू होती. ती दुकानातून उचलून आणावी लागे, टेबलावर शोभावी लागे. तेव्हा ती सुताराच्या हाती गेली. लाकूड हलके, कापायला सोपे आणि पॉलिश केले की देखणे. म्हणजे लाकडी पेटी आली ती मुख्यतः फर्निचरच्या वाटेने. ध्वनिशास्त्राने तिची शिफारस केली होती असे नाही. पुढे तिला एक गोड गैरसमज येऊन चिकटला. सतारीचे, व्हायोलिनचे लाकूड गाते, तेव्हा स्पीकरचे लाकूडही गायले पाहिजे, असे अनेकांना वाटते. हे बरोबर उलटे आहे. सतारीचे गाणे ध्वनिमुद्रणात आधीच आलेले असते. पेटीने त्यात आपला सूर मिसळला तर तो न मागितलेला दुसरा तंबोरा झाला. पेटीने गप्प राहावे, बोलायचे काम कागदाचे.

पातळ फळी गप्प राहत नाही. पेटीच्या मधोमध बोटाच्या पेराने टिचकी मारा. जो टणटण आवाज येतो तो प्रत्येक शब्दाच्या मागे थोडाथोडा लागत असतो. इथे भिंतीचा फायदा कळतो. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा एक चौरस मीटर तुकडा सात-आठ किलो भरतो. चार सेंटीमीटर जाड काँक्रीटचा तेवढाच तुकडा शंभर किलोच्या घरात जातो. गंमत म्हणजे ताठपणा आणि घनता यांचे गुणोत्तर दोन्ही पदार्थांत जवळपास सारखे आहे. म्हणजे काँक्रीटमध्ये काही जादू नाही. ते जाड वापरावे लागते म्हणून ते जड होते, आणि जड होते म्हणून हलत नाही.

हे ज्याने सर्वांत मनावर घेतले तो माणूस कापडाच्या धंद्यातला होता. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ साली इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये, इल्कली गावी, स्वतःच्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली. त्यातून व्हार्फडेल ही कंपनी उभी राहिली. १९४८ साली त्यांनी ध्वनिवर्धकांवर एक छोटे पुस्तक लिहिले, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत, आणि मग एकामागून एक लिहीतच गेले. त्या लेखनात ते घरच्या घरी स्पीकर बसवणाऱ्यांना सरळ विटांची पेटी बांधायला सांगतात: खोलीचा एक कोपरा धरायचा, समोरून विटांची भिंत घालायची आणि तिच्यात स्पीकर बसवायचा. दोन बाजू घराच्या भिंतींच्या, तिसरी विटांची, हलणार काय? ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. ब्रिग्ज यांना भिंतीने जागचे तसूभरही हलू नये असे हवे होते.

कोपऱ्याचा असाच उपयोग अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास वेगळ्या रीतीने केला. त्यांच्या पेटीत घडी घातलेला लाकडी कर्णा होता, पण त्याचे शेवटचे रुंद तोंड म्हणजे खोलीच्या दोन भिंती आणि जमीन. गवंड्याने बांधलेले घरच स्पीकरचा भाग झाले.

विटांची पेटी घर बदलताना नेता येत नाही, हे ब्रिग्ज यांना अर्थातच ठाऊक होते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. प्लायवुडच्या दोन पातळ फळ्या घ्यायच्या, मध्ये पोकळी ठेवायची आणि त्या पोकळीत कोरडी वाळू भरायची. फळी थरथरू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर उष्णतेत जिरून जाते. १९५० च्या दशकात व्हार्फडेलने असे वाळूचे स्पीकर विकले. या वाळूत एक सूक्ष्म मुद्दा आहे. वस्तू जड असणे वेगळे आणि ती न घुमणे वेगळे. देवळाची घंटा चांगली जड असते. टोल दिल्यावर ती गप्प बसते का? शहाबादी फरशीचा तुकडा दोरीने टांगून त्यावर चमचा मारून पाहा.

हा मुद्दा आपल्याकडे प्रत्येक घरातल्या आजीला माहीत होता, पण उलट बाजूने. माठ घेताना ती टिचकी मारून पाही. टणत्कार आला तर माठ पक्का. 'बद्द' आवाज आला तर चिरलेला, परत ठेव. पाण्यासाठी टणत्कार हवा. स्पीकरसाठी मात्र आपल्याला बद्द बोलणारे भांडे हवे, आणि तेही न चिरलेले. आजीने नाकारलेला माठ आम्ही घेतला असता, पण त्यातून हवा गळते.

माठाचा विषय निघालाच आहे, तर तो नीट पाहू. मातीची भांडी आणि आवाज यांचे नाते विजेपेक्षा फार जुने आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस लिहितो, की नाट्यगृहात प्रेक्षकांच्या आसनांखाली सुरात लावलेली काशाची भांडी ठेवावीत, म्हणजे नटाचा आवाज खुलतो. लगेच पुढे तो सांगतो, की लहान गावांत पैसे नसतात, तिथे कुशल कारागिरांनी मातीचे रांजण वापरून काम भागवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वाक्य आम्हाला झरी जामणीच्या गुरुजींच्या प्रश्नाचे थोरले भावंड वाटते. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या भिंतींत मडकी चिणण्याची पद्धत होती. ती आजही अनेक ठिकाणी सापडतात. फ्रान्समधल्या मेत्झ येथील मठाच्या बखरीत १४३२ सालची नोंद आहे, की मठप्रमुखाने दुसरीकडे पाहून आल्यावर गाण्याच्या जागी मडकी बसवून घेतली. नोंद लिहिणाऱ्याला हा सारा प्रकार हास्यास्पद वाटला होता.

तो अगदीच चुकला नव्हता. मडक्याचे गणित एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडले. मडक्याच्या गळ्यातली हवा हा जणू एक गोळा आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. गोळा स्प्रिंगवर वरखाली होतो आणि एका ठरावीक कंपनसंख्येला मडके घुमते. पोट मोठे तर सूर खाली, तोंड रुंद तर सूर वर. आम्ही एका साध्या माठाचे माप घेतले: पोटात पंधरा लिटर पाणी मावते, तोंडाचा व्यास बारा सेंटीमीटर, गळा तीन सेंटीमीटर. गणित केल्यावर सुमारे १३८ हर्ट्झ आले. तोंडाशी 'ऊऽऽ' करत सूर खाली-वर नेला तर साधारण तिथेच माठ हुंकार देतो. हे गणित आठवीच्या मुलांनाही करून पाहता येईल, फक्त गळ्याच्या लांबीत तोंडाच्या त्रिज्येची सुमारे दीडपट मिळवायला विसरू नका, कारण तोंडाबाहेरची थोडी हवाही गोळ्याबरोबर हलते. अशी भांडी त्या एका सुराजवळ जागी होतात आणि बाकीच्या सुरांना झोपलेलीच असतात. चर्चमधल्या पाच-पन्नास मडक्यांनी साऱ्या गाण्यात फरक पडावा कसा?

हाच गुण वाद्यात मात्र कामाला येतो. गोव्याचे घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेले मातीचे भांडे. एका तोंडावर कातडे, दुसरे मोकळे. मोकळ्या तोंडावर हात उघडझाप केला की सूर बदलतो, कारण तोंडाचे क्षेत्रफळ बदलते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. घोरपड संरक्षित असल्याने आता बकऱ्याचे वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले.

आता रेडिओ. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. खेड्यांत रेडिओ ऐकायचा तो सगळ्यांनी मिळून. १९५६ साली पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात पश्चिम महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक गट करून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करत. युनेस्कोच्या मदतीने झालेल्या या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. एका संचाभोवती वीस-वीस माणसे बसली, की मागच्याला काय ऐकू येत असेल याची कल्पना करा. पुढे ट्रान्झिस्टर आले. तळहाताएवढा स्पीकर आणि प्लास्टिकची पातळ पेटी. तो रिकाम्या माठात किंवा घागरीत ठेवला की आवाज मोठा होतो, हे कोणी कोणाला शिकवले नाही. आज मुले मोबाइल पेल्यात ठेवतात तसेच ते. आपल्या १३८ हर्ट्झच्या माठाकडे पुन्हा पाहा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झमध्ये असतो. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज माठात भारदस्त का वाटे, ते आता कळेल. आवाज मोठा होई खरा. स्पष्ट होई का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याकडेच आम्हाला यायचे आहे.

मधल्या काळात पेटीची गोष्ट दुसऱ्याच दिशेने गेली होती. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांनी पेटीला मुद्दाम एक भोक ठेवून तिचेच माठ बनवण्याची युक्ती १९३० साली पेटंटसाठी मांडली: स्पीकर दमतो त्या खालच्या सुराला माठाने हात द्यायचा. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी उलट केले. हे गृहस्थ कलेतिहास शिकलेले आणि ध्वनिपुनरुत्पादनाचे वर्ग घेणारे शिक्षक. त्यांनी पेटी पूर्ण हवाबंद केली, आतल्या हवेलाच स्प्रिंग बनवले आणि शंकू सैल टांगला. पेटी पुस्तकांच्या फडताळात मावेल एवढी झाली. लहान फळी कमी थरथरते, त्यामुळे विटांची निकड संपली. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील आणि पुढच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी दोन्ही प्रकारांचे गणित बसवून दिले. काँक्रीट तरीही अधूनमधून डोके वर काढत राहिले. १९८० च्या दशकात स्वीडनच्या रौना या कंपनीने ओतीव काँक्रीटच्या पेट्यांचे स्पीकर बाजारात आणले होते.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा पोडावर गेलो. यवतमाळ जिल्ह्यात बांधकामाला काय नाही? बहुतेक भागात काळा पाषाण, वणीकडे चुनखडी, राजूरला चुन्याच्या भट्ट्या, कोळशाच्या खाणी, आणि विजेच्या कारखान्यांतल्या कोळशाच्या राखेपासून केलेल्या विटा. काळ्या दगडाचा विचार लगेच सोडला. तो पोखरण्याची मजुरी स्पीकरच्या किमतीच्या कितीतरी पट झाली असती.

पहिला प्रयोग माठाचा. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला. गोल भांड्याला सपाट फळी नसते, त्यामुळे भिंती थरथरत नाहीत ही जमेची बाजू. पण माठ टणत्कारी होता, आणि बोलण्यात एक धातूसारखा सूर आला. बाहेरून चिखल-शेणाचा दोन बोटे थर दिला तेव्हा तो बराचसा गेला.

दुसरा, ब्रिग्ज यांच्या पुस्तकाप्रमाणे वर्गाच्या कोपऱ्यात राखेच्या विटा आणि चुना. आवाज चांगला आला, पण दोन अडचणी झाल्या. मुले रांगा बदलून बसली की पेटी चुकीच्या बाजूला. आणि गावातले लोक येऊन विचारू लागले, वर्गात चूल कशाला घातली? ती पाडली.

तिसरा गुरुजींच्या हट्टामुळे: कुडाची पेटी. बांबूच्या कामट्या, मध्ये पऱ्हाटी, वरून माती, शेण आणि कुटार यांचे लिंपण. कोलामांची जुनी घरे अशीच असत. सांगायला आश्चर्य वाटते, पण टिचकीला सर्वांत बद्द उत्तर याच पेटीने दिले. तंतू, माती, शेण, सगळे एकमेकांवर घासून थरथर जिरवतात. ब्रिग्ज यांच्या वाळूचे काम कुटाराने केले. मात्र ती वाळताना तडकली, आणि व्हिल्चर यांना हवी तशी हवाबंद काही झाली नाही. दर आठवड्याला लिंपायला तयार असलेल्या शाळेने ती जरूर करून पाहावी.

चौथा, मोरीच्या कामावरून उरलेला काँक्रीटचा पाइप. याला आपण सरसकट ह्यूम पाइप म्हणतो. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीट भिंतीवर दाबून बसवण्याची पद्धत काढली, आणि १९२६ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढून ते पाइप आपल्याकडे आणले. म्हणजे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जवळपास शंभर वर्षे एक उत्तम स्पीकर-पेटी मोरीखाली पडून आहे. आतून पंचवीस सेंटीमीटर व्यासाचा, अडीच सेंटीमीटर जाडीचा, साठ सेंटीमीटर लांब तुकडा घेतला. आतली हवा सुमारे २९ लिटर, वजन तीस किलोच्या वर. आतून दाब आला तर नळकांडे फुगत नाही. एका टोकाला फरशी सिमेंटने बसवली, दुसऱ्या टोकाला सागवानी कडे आणि त्यावर स्पीकर. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी, हवा अडवायला. पाइप विटांच्या ओट्यावर आडवा ठेवला. तो उंच फळीवर ठेवण्याचा किंवा टांगण्याचा मोह कोणी करू नये.

मोठ्या थाटात सुरू केला. खिचडी शिजवणाऱ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हे तं विहिरीतून बोलून राह्यलं."

त्यांचे बरोबर होते. आमचे चुकले होते, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या चुकीने. भिंत हलली नाही म्हणजे तिने आवाज शोषलाही नाही, परतवला. विजापूरच्या गोलघुमटात टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते ती दगड टाळी गिळत नाही म्हणून. आमच्या पाइपात मागचा आवाज फरशीवर आपटून परत येत होता आणि शंकूच्या पातळ कागदातून बाहेर पडत होता. साठ सेंटीमीटरच्या बंद नळीत २८७ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर रेंगाळतात; हे सारे बोलण्याच्या ऐन पट्ट्यात येतात. लाकडी पेटीत निदान फळ्या थोडे गिळतात. काँक्रीट काहीच गिळत नाही.

हे नुसते कानाला वाईट म्हणून आम्ही अस्वस्थ झालो नव्हतो. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. वर्ध्याकडच्या कोलामीचा अभ्यास करून मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५५ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. ट आणि ठ, क आणि ख असा भेद त्या भाषेच्या मूळ शब्दांत नाही. घरी कोलामी बोलणाऱ्या मुलाला पाट आणि पाठ, कडी आणि कढी, बात आणि भात हे भेद शाळेत येऊन कानानेच शिकावे लागतात. घरी मराठी बोलणारे मूल अर्धवट ऐकलेला शब्द अंदाजाने पुरा करते. पोडावरच्या मुलाला तो अंदाज अजून नसतो. आणि भेद तरी केवढा? 'ठ' मधला हकार म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागापुरती हलकी फुंकर. पाइप आधीच्या स्वराची शेपटी एक दशांश सेकंद ओढत राहिला, तर फुंकर त्या शेपटीखाली बुडून जाते. मूल 'पाट' लिहिते आणि लाल खूण मिळवते. चूक पेटीची, गुण मुलाचे गेले.

उपाय यवतमाळात शोधावा लागला नाही. पिंजलेला कापूस, साधारण पाव किलोपासून सुरुवात करून अर्ध्या किलोपर्यंत, मच्छरदाणीच्या कापडात सैल बांधून पाइपात भरला. उघडा कापूस भरू नये. त्याचे तंतू स्पीकरच्या वेटोळ्यात जातात. दाबूनही भरू नये, कारण तंतूंमधून हवा हलली तरच घर्षणात आवाज जिरतो. शंभर हर्ट्झच्या खाली कापसाचा फारसा उपयोग होत नाही, पण बोलण्याला तिथे काही अडत नाही. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे जवळपास काहीच येत नसे आणि तरी आपण बोलत होतो. विहीर गेली. बाईंना पुन्हा बोलावून ऐकवले.

मग चाचणी. बेल कंपनीत हार्वे फ्लेचर आणि त्यांचे सहकारी १९२० च्या दशकात टेलिफोन तपासायला निरर्थक अक्षरे वाचून ऐकणाऱ्याकडून लिहून घेत आणि किती बरोबर आली ते मोजत. श्रुतलेखनच की ते! फरक एवढाच, की गुण टेलिफोनला मिळत, लिहिणाऱ्याला नव्हे. आम्ही तसेच केले. वर दिलेल्यासारख्या जोड्या, कधी पाट कधी पाठ, उलटसुलट क्रमाने. एकदा मोकळ्या पाइपातून, एकदा कापूस भरून. मुलांना सांगितले, की आज परीक्षा पाइपाची आहे. प्रयोग आकडे छापण्याइतका मोठा नव्हता. पण मोकळ्या पाइपाच्या वेळी मागच्या दोन रांगांतल्या पाट्यांवर ठ आणि ढ जवळपास नाहीसे झाले होते, ते कापूस भरल्यावर परत आले. उरलेल्या चुकांपैकी काही खोलीच्या होत्या. पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंती यांना पाव किलो कापूस पुरत नाही. मागच्या भिंतीवर गुरुजींनी गोणपाट टांगले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा पेटी जागेवर होती. पाऊस, वाळवी कशानेच तिला काही केले नव्हते. आम्हाला एक काळजी होती. मागच्या फरशीतून तार आत नेण्यासाठी पाडलेल्या भोकात लांबी भरायची आम्ही विसरलो होतो. हवाबंद पेटी ओळखायची खूण अशी, की शंकू बोटांनी अलगद आत दाबून सोडला तर तो सावकाश परत येतो. गळत असेल तर पटकन येतो. दाबून पाहिले, तो सावकाश आला. मागे जाऊन पाहतो तर भोक मातीने गच्च बुजलेले. गुरुजींना वाटले मुलांनी केले, मुलांना वाटले गुरुजींनी. माती इतकी गुळगुळीत लिंपली होती की आम्हाला शंका आली, म्हणून खिळ्याने थोडी उकरली. आत कुंभारमाशीने घर केले होते. आम्ही ते तसेच ठेवले आणि उकरलेली माती थुंकीने परत लावून दिली.